कारखान्याचा माल आणि कस्टम्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयात-निर्यातीच्या कामात खरेदी, स्टोअर्स, डिझाइन आणि अकाउंट्समधली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि इतर कारखान्यांतून जे लिहून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ड्यूटीचे दर, फॉर्मची नावं आणि मुदती देशागणिक बदलतात. पण माल ओळखायचा कसा, त्याचं मूल्य धरायचं कसं आणि तो कुठे बनला हे ठरवायचं कसं, याचा सांगाडा बहुतेक व्यापारी देशांत सारखाच आहे, कारण तो आंतरराष्ट्रीय करारांवर उभा आहे. ही उत्तरं त्या सांगाड्याबद्दल आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एक गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. क्लिअरिंग एजंट सगळं भरतो. मग कंपनीला वेगळं कस्टम्स कम्प्लायन्स कशाला हवं?

एजंट भरतो ते तुम्ही त्याला दिलेलं. घोषणापत्रावर आयातदार किंवा निर्यातदार म्हणून नाव कंपनीचं असतं, आणि कमी भरलेली ड्यूटी, व्याज व दंड यांची नोटीसही कंपनीच्या पत्त्यावर येते. एजंटसमोर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि तुमचा ईमेल एवढंच असतं. पुरवठादाराला तुम्ही साचा फुकट पाठवला होता, डिझाइन विभागाने गेल्या महिन्यात स्टीलचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा केला, वर्षअखेरीस किमतीत फरक देण्याचं ठरलं, यातलं काहीच त्याला कळत नाही. ते कारखान्यातच कोणाला तरी ठाऊक असतं.

माझं ठाम मत असं, की कस्टम्सची चूक बंदरावर उघडकीला येते, पण घडलेली असते कारखान्यात. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीकडे बोट दाखवतात.

२. आमची कंपनी लहान आहे, स्वतंत्र विभाग परवडत नाही. सुरुवात कुठून करायची?

एका माणसाचं नाव ठरवा. काम अर्धवेळ असलं तरी चालेल, पण कोड, मूल्य आणि मूळ देश यांवर शेवटचा शब्द त्याचा असावा आणि एजंटला सूचना त्याच्याकडूनच जाव्यात. मग एक तक्ता करा: तुम्ही आयात-निर्यात करता त्या प्रत्येक पार्ट नंबरपुढे वर्णन, कशाचा बनला, कशासाठी वापरतात, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, प्रश्न ४), तो कोड का निवडला, मूळ देश आणि लागणारे परवाने. 'का निवडला' हा रकाना बहुतेक जण सोडून देतात. तीन वर्षांनी ऑडिटर समोर बसला आणि कोड ठरवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असला, की त्याच रकान्याची किंमत कळते.

सुरुवातीला सगळे पार्ट घेऊ नका. मागच्या वर्षभरात ज्या मालावर सर्वांत जास्त ड्यूटी भरली किंवा सर्वांत मोठी सवलत घेतली, त्यापासून सुरू करा.

३. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) सगळं असतं, तरी 'कागद जुळत नाहीत' म्हणून माल का अडतो?

बहुतेक वेळा वजन, नग किंवा वर्णन यांपैकी काहीतरी दोन कागदांवर वेगळं असतं. इन्व्हॉइसवर 'मशिनरी पार्ट्स', पॅकिंग लिस्टवर 'हायड्रॉलिक फिटिंग्ज' आणि घोषणेत 'व्हॉल्व्ह' असं असेल, तर अधिकाऱ्याने कोणतं खरं धरायचं? वर्णन असं लिहा की माल न बघता कोड ठरवता यावा: वस्तू काय, कशाची, कशासाठी, मॉडेल कोणतं.

एकके हा दुसरा सापळा. तुम्ही नगांवर विकता, पण ड्यूटीच्या दरपत्रकाला किलो हवे असतात. मग कोणीतरी अंदाजाने वजन टाकतं. निव्वळ वजन पार्टच्या नोंदीतच ठेवा.

वजनाबद्दल आणखी एक. समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या करारानुसार द्यावंच लागतं. त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन धरलेलं असतं, पॅकिंग लिस्टवरच्या ढोबळ वजनात ते नसतं. हा फरक असणारच; त्याला घाबरून पॅकिंग लिस्टचा आकडा बदलू नका. मात्र कंटेनरचं वजन वजा केल्यावरही मोठी तफावत उरली, तर माल पुन्हा मोजा.

४. एचएस कोड म्हणजे नक्की काय, आणि तो कोणी ठरवायचा?

हार्मोनाइज्ड सिस्टीम (एचएस) ही मालाच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत. तिचा करार १९८३ मध्ये झाला, १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि ब्रसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. पहिले २ अंक प्रकरणाचे, ४ अंकांचं शीर्षक, ६ अंकांचं उपशीर्षक. इथपर्यंत सगळीकडे सारखं. पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो, म्हणून ८ किंवा १० अंकी कोड देशागणिक वेगळा दिसतो. प्रकरणं ९७ पर्यंत आहेत; ७७ वं भविष्यासाठी रिकामं ठेवलेलं आहे.

कोड ठरवायचे नियम ६ आहेत आणि ते क्रमाने लावायचे. पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा: शीर्षकातले शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा. संगणकावर शब्द शोधून पहिला सापडलेला कोड उचलणारा माणूस या टिपा वाचत नाही, आणि चुकतो तो तिथेच.

कोड ठरवायला दोन माणसं लागतात: वस्तू कशी चालते हे जाणणारा इंजिनीअर आणि टिपा वाचता येणारा माणूस. एकट्या एजंटवर किंवा एकट्या इंजिनीअरवर हे सोडू नका. दोघांनाही खात्री नसेल, तर बऱ्याच देशांत कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागता येतो. २०१७ मध्ये लागू झालेल्या व्यापार सुलभीकरण कराराने सदस्य देशांना ही सोय देण्याचं बंधन घातलं आहे. मोठ्या आणि वारंवार येणाऱ्या मालासाठी तो निर्णय घेऊन ठेवावा.

५. पार्ट आमच्या मशीनसाठीच बनवलेला आहे. मग तो 'मशीनचा भाग' म्हणूनच जाणार ना?

नेहमी नाही. उत्पादक कंपन्यांकडून सर्वांत जास्त चुका याच प्रश्नात होतात, म्हणून थोडं सविस्तर.

समजा तुम्ही पंप बनवता. पंप आणि पंपाचे भाग दोन्ही ८४१३ या शीर्षकात आहेत. साहजिकच वाटतं, की पंपात बसणारं सगळं तिकडेच जावं. पण यंत्रांच्या विभागाच्या टिपा काय सांगतात ते बघा. 'सर्वसाधारण वापराचे भाग' त्या विभागातून बाहेर काढलेले आहेत. लोखंडी किंवा पोलादी स्क्रू, बोल्ट, नट ७३१८ मध्ये जातात, स्प्रिंग ७३२० मध्ये. तो बोल्ट खास तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे केला असला तरीही. मऊ व्हल्कनाइज्ड रबराची ओ-रिंग रबराच्या प्रकरणात, ४०१६ मध्ये.

दुसरी पायरी: ज्या भागाला यंत्रांच्या प्रकरणांत स्वतःचं शीर्षक आहे तो तिथेच जातो. बेअरिंग ८४८२, व्हॉल्व्ह ८४८१, मोटर ८५०१. पंपात बसते म्हणून मोटर पंपाचा भाग होत नाही.

या दोन्ही चाळण्यांतून जे उरतं आणि मुख्यतः किंवा फक्त त्या मशीनसाठीच योग्य असतं, तेच त्या मशीनचे भाग. पंपाचं केसिंग, इम्पेलर. म्हणून खरेदी विभागाने 'पंप पार्ट्स, १ लॉट' अशी ऑर्डर काढली, की पुढचं सगळं बिघडतं. ओळ ओळ वेगळी हवी.

६. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर वेगळा कोड आहे. आम्ही कोणता लावायचा?

स्वतः ठरवलेला. पुरवठादाराचा कोड ही एक माहिती आहे. तुमच्या देशात जबाबदारी तुमची. पहिल्या ६ अंकांतच फरक असेल तर मात्र गप्प बसू नका. त्याला कारण विचारा, वस्तूबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते कदाचित तुम्हाला नसेल. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर त्याचाच कोड असतो आणि तो तुमच्या घोषणेशी जुळला नाही तर सवलत अडकते (प्रश्न १३).

कोड काळानुसारही बदलतात. २०२२ च्या आवृत्तीत थ्रीडी प्रिंटिंगच्या मशीनना ८४८५ आणि ड्रोनना ८८०६ असं नवं घर मिळालं. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. तुमच्या तक्त्यात कोडसोबत आवृत्तीचं वर्षही लिहा.

७. मोठं मशीन सुटं करून तीन कंटेनरमध्ये येणार आहे. तीन घोषणांत तीन वेगळे कोड लावायचे का?

वर्गीकरणाचा दुसरा नियम सांगतो, की सुट्या अवस्थेत आणलेली पूर्ण वस्तू पूर्ण वस्तू म्हणूनच मोजायची. म्हणजे तीनही कंटेनर एकत्र आले तर ते एक मशीन. माल वेगवेगळ्या जहाजांवर, वेगवेगळ्या तारखांना येणार असेल तर प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आणि अनेक ठिकाणी आधी परवानगी लागते. पहिला कंटेनर 'पोलादी सांगाडा' म्हणून सोडवून घेतल्यावर उरलेल्या दोघांना मशीन म्हणता येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच पूर्ण मशीनची यादी, ड्रॉइंग आणि कोणती पेटी कधी येणार हे कस्टम्ससमोर ठेवा.

८. कस्टम्सला इन्व्हॉइसची किंमत दाखवली की झालं ना?

सुरुवात तिथून होते. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यनिर्धारण करारात ६ पद्धती आहेत आणि पहिली व्यवहारमूल्याची: मालासाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. पण त्यात काही गोष्टी मिळवाव्या लागतात. विक्रीचं कमिशन, पॅकिंगचा खर्च, विक्रीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी, पुढच्या विक्रीतून विक्रेत्याकडे परत जाणारा हिस्सा, आणि तुम्ही फुकट किंवा स्वस्तात पुरवलेल्या वस्तू. शेवटच्या गोष्टीसाठी प्रश्न ९ वेगळा ठेवला आहे, कारण ती सर्वांत जास्त विसरली जाते.

तुमच्या वतीने माल शोधणाऱ्या माणसाला दिलेलं खरेदीचं कमिशन मिळवावं लागत नाही. मशीन आल्यानंतर तुमच्या कारखान्यात ते बसवण्याचा खर्चही नाही, मात्र तो इन्व्हॉइसवर वेगळा दाखवलेला हवा. एकच आकडा छापला असेल तर सगळ्यावर ड्यूटी पडण्याची शक्यता जास्त.

वाहतुकीचं भाडं आणि विमा? कराराने हे देशांवर सोडलं आहे. युरोपीय संघ आणि भारत ते सीमेपर्यंत धरतात, अमेरिका आंतरराष्ट्रीय भाडं धरत नाही.

९. पुरवठादाराला आम्ही साचा फुकट दिला आहे. त्याने सुट्या भागांची किंमत त्यामुळे कमी लावली. यात गैर काय?

गैर काही नाही, पण साच्याची किंमत भागांच्या मूल्यात मिळवावी लागते. साचे, डाय, टूल, मालात जाणारे घटक, उत्पादनात खपणारं साहित्य, हे सगळं यात येतं. डिझाइन आणि इंजिनीअरिंगचं काम आयातदार देशाबाहेर झालं असेल तर तेही. तेच काम आयात करणाऱ्या देशातच झालं असेल तर करारानुसार मिळवायचं नाही. म्हणजे ड्रॉइंग कुठल्या ऑफिसात तयार झालं याचाही ड्यूटीशी संबंध आहे.

गणित असं. साचा ५०,००० डॉलरचा आहे आणि त्यातून १,००,००० नग निघणार आहेत, तर नगामागे अर्धा डॉलर. भाग २ डॉलरला आला तर मूल्य अडीच डॉलर. सगळी रक्कम पहिल्याच कन्साइनमेंटवर टाकायची की नगांवर वाटायची, याबद्दल करार लवचिक आहे. पण जे ठरवाल ते लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तसंच चालवा.

मी काम केलेल्या एका कारखान्यात हीच चूक बरीच वर्षं चालली होती. साच्याचे पैसे टूलिंगच्या बजेटमधून गेले, ते भांडवली खर्चात बसले. भाग कच्च्या मालात आले. दोन खाती, दोन माणसं. दोघांचीही नोंद बरोबर होती आणि कस्टम्सची घोषणा चुकीची. तेव्हापासून परदेशी पुरवठादाराला जाणाऱ्या प्रत्येक फुकट वस्तूच्या मंजुरीवर कस्टम्स पाहणाऱ्या माणसाची सही असावी असा मी आग्रह धरतो. हा एक रकाना फॉर्मवर वाढवायला पाच मिनिटं लागतात, आणि जुन्या एन्ट्र्या शोधून फरक काढायला आम्हाला महिने लागले.

१०. वॉरंटीत फुकट आलेला भाग किंवा सॅम्पल यांची किंमत शून्य दाखवता येते का?

नाही. पैसे दिले नाहीत याचा अर्थ विक्री झाली नाही, आणि विक्री नाही म्हणजे व्यवहारमूल्याची पद्धत लागत नाही. वस्तूला मूल्य असतंच. मग तशाच किंवा तशा प्रकारच्या मालाच्या किमतीवरून ते काढायचं. इन्व्हॉइसवर खरी किंमत लिहा आणि खाली 'फक्त कस्टम्ससाठी, रक्कम देय नाही' असं नमूद करा. 'नो कमर्शियल व्हॅल्यू' लिहून एक डॉलर टाकलेलं इन्व्हॉइस कुरिअरने आलं की बहुतेकदा सुटतं. म्हणूनच ही सवय जात नाही. बऱ्याच देशांत सॅम्पलना सवलत असते. ती योग्य मूल्य दाखवूनच मागायची.

११. माल आमच्याच गटातल्या परदेशी कंपनीकडून येतो. कस्टम्स किंमत नाकारेल का?

फक्त नातं आहे म्हणून नाकारता येत नाही. करारानुसार दोन्ही कंपन्यांचे मतदानाचे ५ टक्के किंवा जास्त शेअर एकाच पक्षाच्या हातात असले तरी त्या 'संबंधित' ठरतात, म्हणजे उंबरठा बराच खाली आहे. नात्याचा किमतीवर परिणाम झाला नाही हे दाखवता आलं की व्यवहारमूल्य चालतं: बिगर-संबंधित ग्राहकांना लावलेले भाव, खर्च आणि नफ्याचा हिशेब, किंवा तशाच मालाची स्वीकारलेली मूल्यं.

खरी अडचण मार्च किंवा डिसेंबरमध्ये येते. आयकरासाठी ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे गटातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावलेल्या किमतींचा, समतोल साधायला वर्षअखेरीस एक डेबिट नोट (वाढीव रक्कम मागणारा कागद) निघते. वर्षभर आयात झालेल्या मालाची किंमत मागाहून वाढली, आणि कस्टम्सला कोणी सांगितलं नाही. आयकर खात्याला 'किंमत जास्तच हवी होती' आणि कस्टम्सला 'कमीच बरोबर होती' असं एकाच मालाबद्दल सांगता येत नाही. काही देशांत तात्पुरत्या मूल्यावर माल सोडवून नंतर अंतिम करण्याची सोय आहे. अशी डेबिट नोट तुमच्याकडे नियमित निघत असेल तर ती सोय आधीच विचारा.

१२. ईएक्सडब्ल्यू, एफओबी, डीडीपी यांतलं काय निवडावं?

इन्कोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय विक्रीत वापरायच्या ठरलेल्या अटी; त्यांच्या २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत. खर्च, धोका आणि क्लिअरन्सचं काम कोणाकडे हे त्या सांगतात. मालकी कधी बदलते हे त्या सांगत नाहीत, त्यासाठी करारात वेगळं कलम लागतं.

कम्प्लायन्सच्या बाजूने दोन टोकं सांभाळा. ईएक्सडब्ल्यूने (खरेदीदाराने माल तुमच्या कारखान्यातून उचलायचा) विकलं तर निर्यातीचं क्लिअरन्स परदेशी खरेदीदाराच्या माथी, आणि तुमच्या हातात निर्यातीचा पुरावा येईलच असं नाही. तो नसेल तर निर्यातीवरचे करलाभ अडकतात. डीडीपीने (तिथली ड्यूटी भरून माल पोचवायचा) विकलं तर परक्या देशात आयातदार तुम्ही, तिथली ड्यूटी आणि चूक दोन्ही तुमची. तिथे नोंदणी आणि माणूस नसेल तर ती अट घेऊ नका.

कंटेनरच्या मालाला एफओबी (माल जहाजावर चढवून द्यायचा) लावायची सवय जुनी आहे, पण कंटेनर जहाजावर चढण्याच्या बऱ्याच आधी तुमच्या हातून जातो. तिथे एफसीए (माल ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात द्यायचा) योग्य.

१३. आयात केलेल्या सुट्या भागांपासून आम्ही वस्तू बनवतो. ती 'आमच्या देशात बनली' असं कधी म्हणता येतं?

कोणासाठी म्हणायचं आहे, यावर ते ठरतं. लेबल, कोटा, अँटी-डंपिंग (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरची जादा ड्यूटी) यांसाठीचे नियम वेगळे. व्यापार करारातली ड्यूटी-सवलत घेण्यासाठीचे नियम त्या त्या कराराचे. एका करारात पात्र ठरलेली वस्तू दुसऱ्यात ठरेलच असं नाही. नुसतं पॅकिंग, लेबल लावणं किंवा साधी जोडणी बहुतेक करारांत पुरेशी धरली जात नाही.

कसोट्या साधारण तीन प्रकारच्या: कोड बदलला का, ठरावीक टक्के मूल्य इथे भरलं का, ठरावीक प्रक्रिया इथे झाली का. उत्तर अमेरिकेच्या १ जुलै २०२० पासूनच्या करारात मोटारगाडीसाठी ७५ टक्के प्रादेशिक मूल्य लागतं, यावरून कसोटी किती कडक असू शकते हे कळेल.

कोड बदलण्याच्या कसोटीत एक खोच आहे. 'शीर्षक बदललं पाहिजे' असा नियम असेल आणि तुम्ही बेअरिंग (८४८२) आणून पंप (८४१३) केलात, तर शीर्षक बदललं. पण केसिंग आणि इम्पेलर आयात केलेत, तर ते पंपाचे भाग म्हणून ८४१३ मध्येच असतात. शीर्षक बदललंच नाही, कारखान्यात कितीही मशीनिंग आणि चाचण्या झाल्या तरी. अशा वेळी त्या करारात मूल्यवाढीचा पर्यायी नियम आहे का ते बघावं लागतं. प्रश्न ५ मधलं वर्गीकरण चुकलं असेल तर इथला निष्कर्षही चुकतो.

१४. ग्राहकाकडे आमचं मूळ देशाचं प्रमाणपत्र आहे, तरी त्याची सवलत नाकारली. कशी?

प्रमाणपत्र हा दावा आहे. आयात करणारा देश त्याची पडताळणी मागू शकतो, आणि मग प्रश्न तुमच्याकडे येतात: कच्च्या मालाची बिलं, पुरवठादारांची घोषणापत्रं, खर्चाचा तक्ता, त्या बॅचची उत्पादन नोंद. विचारणा एक-दोन वर्षांनी येते. तोपर्यंत बिल ऑफ मटेरियल (वस्तूत काय काय लागतं त्याची यादी) बदललेलं असतं आणि त्या वेळचं कोणी जपलेलं नसतं. प्रमाणपत्र काढलंत त्या दिवशीचं बिल ऑफ मटेरियल, किमतींसह, त्याच फाइलमध्ये ठेवा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे प्रवास. माल तिसऱ्या देशातून गेला तर तो तिथे कस्टम्सच्या ताब्यातच होता आणि त्यावर काही प्रक्रिया झाली नाही हे दाखवावं लागतं. तिथल्या गोदामात पेट्या उघडून नव्याने भरल्या असतील, तर वाद उभा राहतोच.

१५. निर्यातीसाठी ड्यूटी-सवलतीत कच्चा माल आणला. भंगाराचं काय करायचं?

सवलतीच्या योजनांची नावं वेगळी, तत्त्व एक: आणलेला माल किती, बाहेर गेलेल्या वस्तूंत किती गेला, उरला किती. भंगार हा 'उरला किती'चा भाग आहे आणि ते स्थानिक बाजारात विकताना बहुतेक ठिकाणी काही ना काही ड्यूटी देय असते.

गोंधळ होतो तो स्टोअर्समध्ये. सवलतीचा पत्रा आणि ड्यूटी भरलेला पत्रा एकाच रॅकवर, एकाच पार्ट नंबरखाली, आणि भंगार एकाच ढिगात. काही देश सारख्या मालाची अदलाबदल मान्य करतात, काही करत नाहीत. मान्य असली तरी हिशेब वेगळा ठेवावाच लागतो. शिवाय कटिंगचा आराखडा सुधारून तुम्ही वाया जाणारं प्रमाण कमी केलंत, तर कस्टम्सकडे दिलेला जुना दर सुधारून द्यायला हवा. उत्पादन विभागाच्या या चांगल्या कामाची खबर कस्टम्स पाहणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि कागदोपत्री जो माल 'खपला' तो प्रत्यक्षात शिल्लक दिसतो.

१६. मशीन परदेशात दुरुस्तीला पाठवायचं आहे. एटीए कार्नेवर पाठवलं तर चालेल?

कार्ने हा ड्यूटी न भरता माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचा कागद. ते प्रदर्शनाचा माल, व्यावसायिक उपकरणं आणि सॅम्पल यांच्यासाठी आहे आणि जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. दुरुस्तीसाठी किंवा प्रक्रियेसाठी जाणारा माल त्यात बसत नाही. त्यासाठी दुरुस्ती करून परत आणण्याची वेगळी प्रक्रिया असते, आणि परत येताना बहुधा फक्त दुरुस्तीच्या मूल्यावर ड्यूटी लागते.

त्यात सगळं ओळखीवर अवलंबून. जाण्यापूर्वी सिरीयल नंबर घोषणेत लिहा, फोटो काढा. दुरुस्ती करणाऱ्याने त्याऐवजी दुसरं मशीन पाठवलं तर ती दुरुस्ती उरत नाही, नवी आयात होते. हे त्याला आधीच लेखी कळवा.

१७. आम्ही शस्त्रं बनवत नाही. निर्यात नियंत्रणाशी आमचा काय संबंध?

दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या, मालाच्या याद्या बघा. वासेनार व्यवस्था (१९९६), अणुपुरवठादार गट, ऑस्ट्रेलिया गट आणि क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था या देशांच्या गटांच्या याद्यांवरून देश आपले कायदे करतात. पाच अक्षांवर एकाच वेळी चालणारी अचूक मशीन टूल, मॅरेजिंग स्टील, कार्बन फायबर, काही फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, रसायनं सहन करणाऱ्या मिश्रधातूंचे पंप आणि व्हॉल्व्ह, हे सगळं त्यांत ठरावीक मर्यादांपलीकडे येतं. एचएस कोडवरून हे कळत नाही. एकाच कोडमधला एक व्हॉल्व्ह मोकळा आणि दुसरा नियंत्रित असू शकतो. फरक धातूचा, आकाराचा, अचूकतेचा.

आणि माल म्हणजे फक्त पेटी नव्हे. नियंत्रित ड्रॉइंग परदेशी ग्राहकाला ईमेल करणं, सर्व्हरवर बघायला देणं हीसुद्धा बऱ्याच कायद्यांत निर्यात आहे. डिझाइन विभागाला हे माहीत असायलाच हवं.

यादीत नसलेल्या मालासाठीही ग्राहक आणि अंतिम वापरकर्ता यांची नावं निर्बंध-याद्यांशी ताडून पाहा. ग्राहक वापर सांगायला टाळाटाळ करतो, बसवून द्यायची आणि प्रशिक्षणाची गरज नाही म्हणतो, माल अनोळखी फॉरवर्डरच्या पत्त्यावर मागतो, तर ऑर्डर थांबवून विचारा. विक्रीचं टार्गेट हे तेव्हा कारण होऊ शकत नाही.

१८. लाकडी पेटीमुळे माल परत पाठवला. मालात काही दोष नव्हता!

आयएसपीएम १५ हे लाकडी पॅकिंगचं आंतरराष्ट्रीय मानक किडींसाठी आहे. नेहमीच्या उष्णता-उपचारात लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सियस ठेवावं लागतं आणि पेटीवर ठरलेला शिक्का हवा. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून सुटतं. फसगत होते ती आत घातलेल्या आडव्या ठोकळ्यांमुळे: पेटी शिक्क्याची, आणि माल हलू नये म्हणून ऐन वेळी ठोकलेला तुकडा साध्या लाकडाचा.

१९. युरोपातला ग्राहक आता कार्बनचे आकडे मागतो. हे कस्टम्सचं काम आहे का?

आहे, कारण तिथली सीबीएएम ही आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारी यंत्रणा माल कोडवरून ओळखते. १ ऑक्टोबर २०२३ पासून संक्रमणाचा काळ होता, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना ती लागते. बोल्ट-नटचं ७३१८ त्यात आहे, त्यामुळे 'आम्ही पोलाद कुठे विकतो' असं म्हणणारा फास्टनर बनवणाराही त्यात येतो. घोषणा युरोपातल्या आयातदाराने करायची, पण उत्सर्जनाचे खरे आकडे उत्पादकाशिवाय कोणाकडेच नसतात.

२०. स्टोअर्सने मोजलं तर १,००० च्या जागी १,०२० नग निघाले. पुरवठादार म्हणतो, ठेवून घ्या. ठेवायचे?

ठेवा, पण कळवून. २० नग घोषणेत नाहीत, म्हणजे त्यांच्यावर ड्यूटी भरलेली नाही. एजंटकडून घोषणेत दुरुस्ती मागा आणि फरक भरा. कमी निघाले तरी नोंद हवी; विशेषतः माल सवलतीचा असेल तर न आलेल्या नगांचाही हिशेब पुढे तुमच्याकडूनच मागितला जाईल (प्रश्न १५). जीआरएनमधला (माल मिळाल्याच्या नोंदीतला) फरक स्टोअर्सकडून फक्त खरेदीला जातो, कस्टम्स पाहणाऱ्याला जात नाही, हे मी जवळजवळ प्रत्येक कारखान्यात पाहिलं आहे.

२१. कागद किती वर्षं ठेवायचे?

देशाचा नियम बघा. युरोपीय संघात किमान ३ वर्षं, अमेरिकेत आणि भारतात साधारण ५. साच्याच्या हिशेबासारखी गोष्ट (प्रश्न ९) शेवटचा नग येईपर्यंत चालू असते, तिची मुदत तिथून मोजा. ईमेलही कागदच आहेत. नोकरी सोडणाऱ्याचा मेलबॉक्स पुसण्यापूर्वी विचारा.

२२. एईओ (अधिकृत आर्थिक ऑपरेटर) दर्जा घ्यावा का?

जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या २००५ च्या सेफ आराखड्यातून आलेला हा दर्जा आहे. विश्वासू व्यापारी म्हणून तपासण्या कमी, क्लिअरन्स लवकर, आणि परस्पर मान्यतेचे करार असलेल्या देशांतही फायदा. महिन्याला दोन कन्साइनमेंट असतील तर घाई नको. मात्र अर्जाआधी जी स्वतःची झडती घ्यावी लागते, ती अर्ज न करताही घ्यावी.

२३. तीन वर्षं चुकीचा कोड लावत होतो, आता आमच्याच लक्षात आलं. कोणाला कळलेलं नाही. काय करावं?

पहिलं, आजपासूनची घोषणा बरोबर करा. पण तेवढंच करून थांबू नका. अचानक कोड बदललेला दिसला की मागच्या घोषणांकडे लक्ष जातंच.

दुसरं, व्याप्ती काढा: किती एन्ट्र्या, किती फरक, जास्त भरलं की कमी. त्याच कोडवर आधारलेली मूळ देशाची प्रमाणपत्रं, परवाने, ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी ड्यूटी) यांवर काय परिणाम झाला हेही. जास्त भरलं असेल तर परताव्याची मुदत चालू असते, ती निघून जाऊ देऊ नका.

तिसरं, कमी भरलं असेल तर कायद्याच्या जाणकाराला गाठा आणि स्वतःहून कळवा. बहुतेक देशांत चौकशी सुरू होण्यापूर्वी कबूल करून व्याजासह भरणाऱ्याला दंडात मोठी सूट असते. चौकशीची नोटीस हातात पडल्यावर ती सहसा उरत नाही. म्हणून आकडे शेवटच्या पैपर्यंत जुळेपर्यंत पत्र रोखून धरू नका. चूक सापडल्याचं आधी कळवून हिशेब नंतर देण्याची सोय आहे का, ते त्याच दिवशी विचारा.

चौथं, ज्यांना तुम्ही मूळ देशाची घोषणा दिली होती आणि जी आता टिकत नाही, त्या ग्राहकांनाही कळवा. हा फोन करणं जड जातं. पण तिकडे त्यांच्या घोषणेवर त्यांचं नाव आहे, आणि त्यांनी ती तुमच्या शब्दावर केली होती.